आत्महत्येचा प्रयत्न कथेत लिहिताना

तुमच्या कथेतली मुलगी परीक्षेत नापास होते, त्याच रात्री जीव द्यायचा प्रयत्न करते आणि दवाखान्यात डोळे उघडताच आईला मिठी मारून म्हणते, "मला जगायचंय." हे खरं वाटतं का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही वाटलं.

माझी ताई वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने आधी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला लाज वाटत होती, आमचा रागही आला होता. घरी आली तेव्हा बाबांनी बाथरूमची आतली कडी काढून टाकली होती. ती आंघोळीला गेली की आई दाराबाहेरून विचारायची, "टॉवेल घेतलास ना?" टॉवेल आईनेच आत ठेवलेला असायचा. ताई म्हणायची, "हो, घेतला." आई खरं काय विचारतेय हे दोघींनाही ठाऊक होतं. कित्येक महिने हे चाललं. तुमची कथा दवाखान्यात संपते, मला वाटतं ती तिथून सुरू व्हावी.

प्रयत्न कसा केला ते मात्र लिहू नका. साधन नको, प्रमाण नको, जागेचं वर्णन नको. जो वाचक स्वतःच त्या काठावर उभा आहे, तो हे तपशील वेगळ्या नजरेने वाचतो. जर्मन लेखक गटेच्या १७७४ च्या कादंबरीतला नायक वेर्थर आत्महत्या करतो; त्याचं अनुकरण झाल्याचं तेव्हा बोललं गेलं, म्हणून अशा अनुकरणाला 'वेर्थर परिणाम' म्हणतात. याची दुसरी बाजूही आहे. संगीतकार मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेरातला (संगीत नाटकातला) पापागेनो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं त्याला थांबवून दुसरा मार्ग सुचवतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये 'पापागेनो परिणाम' हे नाव दिलं ते यावरूनच: असे विचार येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांबद्दल छापून आलं, त्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं त्यांना दिसलं.

नापास होणं हे एकमेव कारण ठेवू नका. आधीचे महिने दाखवा: उडालेली झोप, न उचललेले फोन. आणि मन एकाच बाजूचं नसतं. ताईने त्याच संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे ऑफिसचे कपडे इस्त्री करून ठेवले होते.

'अयशस्वी प्रयत्न' हे शब्दही काढा, जगणं हे अपयश ठरतं त्यात. लिहिताना तुमच्याच मनावर ताण येऊ लागला तर तिथेच थांबा आणि जवळच्या कुणाशी तरी बोला.

हे लिहू का, असं ताईला विचारलं होतं. कडीचं नक्की लिही, म्हणाली.