साहेबांचा पारा आणि महिन्याची तारीख

वरिष्ठांच्या वागण्याविषयी आलेल्या पत्रांतली चार पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं मागितल्याप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : चाकणजवळच्या एका कारखान्यात मी उत्पादन विभागात इंजिनिअर आहे. आम्ही वाहन कंपनीला सुटे भाग पुरवतो. आमचे प्लँट हेड वीस तारखेपर्यंत हसूनखेळून असतात. एकवीसपासून शॉप फ्लोअरवर सगळ्यांदेखत आरडाओरडा सुरू. महिन्याला ४० हजार नग जातात, त्यातले २२ हजार शेवटच्या आठ दिवसांत. स्वभावाला औषध नाही म्हणून गप्प बसायचं का?

उत्तर : ओरडण्याला तारीख आहे, म्हणजे ते निव्वळ स्वभावाचं काम नाही. हिशेब मांडा. २५ कामाच्या दिवसांत ४० हजार म्हणजे रोज १,६०० नग. तुमच्याकडे पहिले १७ दिवस रोज जेमतेम १,०६० निघतात आणि शेवटचे आठ दिवस २,७५० काढावे लागतात. यंत्रं तीच, माणसं तीच. मग पहिल्या पंधरवड्यात क्षमता कुठे जाते?

प्लँट हेडना वरून दोनच गोष्टी विचारल्या जातात असं धरा : महिन्याची विक्री आणि महिनाअखेरचा स्टॉक. विक्री दाखवायची म्हणून लाइनवरचा अर्धवट माल झाडून पुरा करतात आणि गाडीत चढवतात. एक तारखेला पहिल्या ऑपरेशनपासून, म्हणजे कामाच्या टप्प्यापासून, शेवटच्यापर्यंत लाइन रिकामी. ती पुन्हा भरायला चार-पाच दिवस जातात. स्टॉक कमी दिसावा म्हणून कच्च्या मालाची खरेदी रोखून धरतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बार (धातूच्या सळया) किंवा कास्टिंगची (ओतीव भागांची) वाट बघणं आलंच. शेवटच्या आठवड्यात ज्याचा फोन आला त्याचा माल आधी, म्हणून छोटे छोटे लॉट लागतात. एका सेटिंगला, म्हणजे यंत्र दुसऱ्या भागासाठी जुळवायला, ४० मिनिटं धरली तर सहा सेटिंगमध्ये आठ तासांच्या पाळीतले चार तास गेले. मेंटेनन्स ‘एक तारखेनंतर बघू’ म्हणून पुढे ढकललेला असतो, तो ब्रेकडाउन होऊन पहिल्या आठवड्यात उगवतो. म्हणजे या महिन्याची धावपळच पुढच्या महिन्याची धावपळ तयार करते. त्यात ग्राहकाची लाइन थांबली तर डेबिट नोट (नुकसानीची रक्कम वळती केल्याची चिठ्ठी) येते आणि ती प्लँट हेडच्या नावावर बसते.

तेव्हा ते चिडलेले असताना समजवायला जाऊ नका. पाच ते दहा तारखेच्या दरम्यान, गेल्या तीन महिन्यांचा रोजचा डिस्पॅच (किती माल बाहेर गेला) एका कागदावर काढून त्यांच्यापुढे ठेवा. त्यासोबत दोनच मागण्या करा. पहिली : प्रत्येक ऑपरेशनपुढे निदान एका पाळीचा माल महिनाअखेरीलाही शिल्लक राहील. दुसरी : स्टोअरने २५ तारखेलाच पुढच्या सात दिवसांच्या तुटवड्याची यादी द्यावी. अर्धवट माल ठेवला की त्या एका महिन्याची विक्री तेवढ्यापुरती कमी दिसणार, हे आधीच सांगा. ते लपवलंत तर तीस तारखेला तुमचीच खैर नाही. मार्चमध्ये हा प्रयोग सुचवूच नका. जून-जुलै बरा.

रोज सकाळी पहिल्या बैठकीच्या आधी त्यांच्या हातात चार रकाने द्या : पार्ट नंबर, आज हवेत किती, तयार किती, अडकलेत कुठे. त्यांना ग्राहकाचा फोन येतो तेव्हा सांगायला आकडा नसतो, आणि बराचसा आरडाओरडा तिथूनच निघतो. आकडा वाईट असला तरी चालेल, उशिरा कळलेला चालत नाही.

प्रश्न : बँकेच्या तालुक्याच्या शाखेत कर्ज अधिकारी आहे. शाखाधिकारी रोज थकीत कर्जांवरून बोलतात आणि प्रत्येक कर्जाला विम्याची पॉलिसी जोडाच म्हणतात. आरओची, म्हणजे विभागीय कार्यालयाची, व्हीसी (व्हिडिओ बैठक) झाली की त्या दिवशी सुट्टीचा अर्जही पुढे करता येत नाही.

उत्तर : या दोन दबावांची जात वेगळी आहे. एकाला साथ द्या, दुसऱ्याला देऊ नका.

वसुलीचा तगादा नियमातून येतो. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं, ठरतं, वसूल न झालेलं व्याज उत्पन्नातून उलटवावं लागतं आणि संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. त्या कर्जदाराची बँकेतली बाकीची कर्जखातीही एनपीए धरली जातात. खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. ८५व्या दिवशी सर्वांत जुना हप्ता भरला तरी खातं सावरतं. एकदा एनपीए झालं की सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते परत चांगल्यात येत नाही. म्हणून ६१ ते ९० दिवसांच्या, म्हणजे एसएमए-२ या एनपीएच्या आधीच्या शेवटच्या गटातल्या खात्यांवर साहेबांचा जीव टांगलेला असतो. महिन्याच्या पहिल्या दिवशी यादी काढा, पण रकमेप्रमाणे लावू नका. ९० दिवस कोणत्या तारखेला भरतात त्या क्रमाने लावा. पगारदारांना एक ते सात तारखेत गाठा, नंतर पैसा घरखर्चात गेलेला असतो. व्हीसीच्या आदल्या संध्याकाळी साहेबांना तीन ओळी द्या : किती खाती धोक्यात, किती सावरली, कोणत्या दोन खात्यांना त्यांनी स्वतः भेट द्यायला हवी.

विम्याचं तसं नाही. कर्जासाठी पॉलिसीची सक्ती करता येत नाही. शाखाधिकाऱ्यांना नम्रपणे एकच विचारा : “सर, मंजुरीपत्राच्या अटींत हे लिहून देऊ का?” लिहा असं सहसा कुणी म्हणत नाही. अशी गळ्यात मारलेली पॉलिसी ग्राहक ३० दिवसांच्या फ्री लूक मुदतीत (पॉलिसी वाचून नको असेल तर परत करण्याच्या मुदतीत) परत करू शकतो, म्हणजे मार्चला चढलेला आकडा एप्रिलमध्ये उतरतो. आणि अर्जावर सही तुमची असते. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला आठ उत्पादनं विकण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. ग्राहकांना न विचारता खाती उघडल्याचं २०१६ मध्ये बाहेर आलं, १८.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि त्याआधीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचारी घरी गेले होते. त्यात बहुतेक शाखांमधले. मुख्याधिकाऱ्यांना राजीनामा द्यावा लागला तो त्यानंतर.

प्रश्न : पुण्यातल्या आयटी कंपनीत आठ जणांची टीम सांभाळते. वर्षाच्या मूल्यमापनात एकाला मी वरचं रेटिंग सुचवलं, वरच्या बैठकीत ते खाली आलं. आता त्याला वाटतं मीच फसवलं. निर्णय माझा म्हणून सांगू की वरच्यांचा?

उत्तर : ‘या वेळी तुझं नक्की’ असं आधी म्हणून बसल्या असाल तर पहिलं ते मान्य करा. जी गोष्ट तुमच्या हातात नव्हती तिचा शब्द दिला गेला.

बेल कर्व लावायचा म्हणजे अनेक टीम एकत्र करून वरच्या रेटिंगच्या जागा आधीच ठरवायच्या. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्ये सोडली, आपल्याकडे ती नाव बदलून बऱ्याच ठिकाणी नांदते आहे. त्या बैठकीत प्रत्येक नावाला फार वेळ मिळत नाही. ‘खूप मेहनती आहे’ हे तिथे टिकत नाही. ‘रात्रीचा बॅच जॉब (संगणकावर आपोआप चालणारं काम) सहा तासांचा दोनावर आणला’ हे टिकतं, आणि दुसऱ्या टीमचा मॅनेजर ‘हो, माहीत आहे’ म्हणाला तर आणखी. त्या मुलाला बैठकीत नेमका काय आक्षेप आला ते सांगा. दुसऱ्या कुणाचं नाव किंवा रेटिंग सांगू नका. पुढच्या सहा महिन्यांत टीमबाहेर दिसेल असं एक काम त्याच्याकडे द्या. पगारवाढीचं आश्वासन मात्र पुन्हा नको.

प्रश्न : साहेब फक्त मलाच ऑफिसच्या ग्रुपवर सर्वांदेखत टाकून बोलतात, रात्री अकरालाही. स्वतःच्या वरिष्ठांपुढे मात्र आवाज खाली. टार्गेटचा ताण असेल म्हणून वर्षभर सोसलं.

उत्तर : ताणातला माणूस समोर येईल त्याच्यावर चिडतो. तुमचे साहेब एकच माणूस निवडतात आणि त्यांच्या वरिष्ठांपुढे आवाज खाली ठेवतात. याला ताण म्हणू नका.

नोंद ठेवा : तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर कोण होतं. मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपा, पण कंपनीच्या फाइली स्वतःच्या मेलवर पाठवू नका, नाहीतर चौकशी तुमचीच होईल. तक्रार एचआरकडे लेखी द्या आणि पोच घ्या. बोलण्यात लैंगिक शेरे असतील आणि तुम्ही महिला असाल तर रस्ता वेगळा आहे : कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार द्यायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.