प्रश्न तुमचे : विझार्ड भारी पडतो तेव्हा

या वेळचे प्रश्न डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं रंगवून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल आहेत. उत्तरांतले आकडे २०१४ च्या नियमांप्रमाणे धरले आहेत.

प्रश्न : पात्रं पाचव्या लेव्हलला पोहोचली आणि खेळाचा तोल गेला. विझार्ड (जादूगार) एका फायरबॉलमध्ये (आगीचा मंत्र) अर्धी लढाई संपवतो, फायटर (योद्धा) नुसता बघत राहतो. आमच्याकडे खेळातल्या एका दिवसात सहसा एकच मोठी लढाई होते. फायरबॉल ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) वरून ६डी६ वर आणू का?

उत्तर : नको. गडबड फायरबॉलमध्ये नाही, 'एकच लढाई' यात आहे. हिशेब करून बघा.

शत्रूचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५ आणि डेक्स्टेरिटी सेव्ह (मंत्रातून वाचण्यासाठी फाशात मिळवायचा आकडा) +१ धरा. स्ट्रेंग्थ १८ असलेल्या फायटरला +७ मिळतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडलं की वार लागतो : ६५ टक्के. ग्रेटसोर्डचा लागलेला वार सरासरी ११ चा, फेरीत वार दोन, म्हणून फेरीला साधारण १४.३. विझार्डचं इंटेलिजन्स १८ असेल तर सेव्ह डीसी (सेव्ह जमायला गाठायचा आकडा) १५. फायरबॉलची सरासरी २८, सेव्ह जमला तर १४, आणि हा शत्रू ३५ टक्के वेळा सेव्ह करतो. म्हणजे दर शत्रूमागे २३, तिघे सापडले तर ६९. (क्रिटिकल, म्हणजे २० पडल्यावर नुकसानाचे फासे दुप्पट होणारे वार, दोघांचेही सोडून दिलेत.)

आता चार फेऱ्यांची एकच लढाई घ्या. ॲक्शन सर्ज (फायटरची जादा कृती, एका विश्रांतीमागे एकदा) धरून फायटरचे ७२ होतात. विझार्डचे दोन फायरबॉल आणि दोन फायर बोल्ट (कितीही वेळा टाकता येणारा साधा मंत्र) मिळून १५२. दुपटीहून जास्त! पण त्याच दिवसात चार-चार फेऱ्यांच्या सहा लढाया आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) घातल्या, तर ॲक्शन सर्ज तीनदा मिळतो आणि फायटर ३८६ पर्यंत जातो. विझार्डला आर्केन रिकव्हरीतून (शॉर्ट रेस्टमध्ये काही खर्च झालेले मंत्र परत मिळवण्याची सोय) तिसरा फायरबॉल मिळतो, उरलेल्या २१ फेऱ्या फायर बोल्टवर काढाव्या लागतात : एकूण ३५७. त्याचे खालचे स्लॉट (खालच्या लेव्हलचे मंत्र टाकण्याच्या संधी) राहतात हे खरं, पण लांबलेल्या दिवसात ते शील्ड आणि मिस्टी स्टेपसारख्या बचावाच्या मंत्रांमध्येच जातात.

डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) मार्गदर्शक पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया गृहीत धरल्या आहेत. एका बैठकीत एवढं बसत नाही, आणि बसवायची गरजही नाही. बैठक संपली की लाँग रेस्ट (मंत्र परत मिळवून देणारी पूर्ण विश्रांती), ही सवय मोडा. एक दिवस दोन-तीन बैठकांवर पसरू द्या. प्रवासाची कथा असेल तर पुस्तकातला पर्यायी नियम वापरा : शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. मात्र मग मेज आर्मरसारखा आठ तास टिकणारा मंत्र पुढच्या लढाईआधीच संपतो. अशा मंत्रांची मुदत त्याच प्रमाणात वाढवा, नाहीतर विझार्डवर उलटा अन्याय होईल. शॉर्ट रेस्टही विसरू नका. पाचव्या लेव्हलच्या वॉरलॉककडे दोनच स्लॉट असतात आणि ते शॉर्ट रेस्टनेच परत येतात. ती दिली नाही तर बिचारा दिवसभर दोन मंत्रांवर.

शत्रूंना एका घोळक्यात उभं करणंही थांबवा. फायरबॉलची त्रिज्या २० फूट असते. दोघे वरच्या सज्जात, दोघे दाराआड आणि दोघे थेट फायटरच्या अंगावर असले, की विझार्डला आपल्याच मित्राला भाजण्याचा विचार करावा लागतो. सगळ्या शत्रूंना आगीचा रेझिस्टन्स (निम्मंच नुकसान होणं) देऊ नका. खेळाडूने हौसेने निवडलेली गोष्ट त्याच्या हातून काढून घेण्यासारखं आहे ते.

प्रश्न : मी तिसऱ्या लेव्हलचा एक मंत्र रचला आहे. एका शत्रूला थंडीचं ६डी१० नुकसान, आणि सेव्ह हुकला तर एक फेरी पॅरालिसिस (हालता न येणं). ठीक आहे ना?

उत्तर : बराच जड आहे. नवे मंत्र रचण्यासाठी पुस्तकात तक्ता आहे : तिसऱ्या लेव्हलला एका लक्ष्यावर ५डी१०, अनेकांवर ६डी६. तुमचा ६डी१० हा आकडा चौथ्या लेव्हलचा. (फायरबॉल स्वतः या तक्त्याच्या वर आहे, त्यामुळे त्याला माप म्हणून धरू नका.) पण खरी अडचण पॅरालिसिसची. पॅरालाइज झालेल्यावर पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार आपोआप क्रिटिकल होतो. होल्ड पर्सन हा मंत्र हेच करतो, पण नुकसान शून्य, फक्त मानवसदृश प्राण्यांवर, आणि वर कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवण्यासाठीची एकाग्रता) लागतं. तुमच्या मंत्राला यातलं एकही बंधन नाही. नुकसान ४डी१० करा आणि पॅरालिसिसऐवजी पुढच्या फेरीपर्यंत वेग १० फुटांनी कमी करा. सेव्ह जमला तर काय होतं, तेही आधीच लिहून ठेवा. ऐन खेळात वाद तिथेच होतात.

प्रश्न : शेवटचा राक्षस दर वेळी दोन फेऱ्यांत मरतो. हिट पॉइंट दुप्पट केले तर लढाई कंटाळवाणी झाली.

उत्तर : चार खेळाडूंच्या चार पाळ्या आणि त्याची एक, म्हणून असं होतं. हिट पॉइंट वाढवून हे गणित बदलत नाही. एकाच वारात पडतील असे चार-पाच साथीदार द्या, किंवा राक्षसाला तीन लेजेंडरी ॲक्शन (स्वतःच्या पाळीबाहेरच्या कृती) द्या आणि त्या इतरांच्या पाळ्यांनंतर एकेक करून वापरा. एका हुकलेल्या सेव्हवर अख्खी लढाई संपू नये म्हणून दिवसाला तीन लेजेंडरी रेझिस्टन्स (हुकलेला सेव्ह जमला असं ठरवण्याची मुभा) पुरेत.

प्रश्न : आमचा क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा) ब्लेस चालू ठेवून स्पिरिट गार्डियन्स टाकतो. चालतं का?

उत्तर : नाही. दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं. दुसरा मंत्र सुरू झाला की पहिला संपतो. तसंच, नुकसान झालं की प्रत्येक वेळी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा : डीसी १० किंवा नुकसानाच्या निम्मे, जे जास्त असेल ते. २६ चं नुकसान झालं तर डीसी १३. एकाच फेरीत तीन वार लागले तर तीन सेव्ह. +२ असलेल्या क्लेरिकचा डीसी १० चा सेव्ह ६५ टक्के वेळा जमतो, वॉर कास्टर फीट (खास कौशल्य; या सेव्हला दोन फासे टाकून चांगला धरायचा) असेल तर जवळपास ८८ टक्के. अनेक गटांत हा सेव्ह घाईत राहून जातो आणि मग मंत्रवाले उगाच अजिंक्य वाटू लागतात. कॉन्सन्ट्रेशन चालू असलेल्या खेळाडूपुढे मंत्राचं नाव लिहिलेलं एक रंगीत कार्ड ठेवा आणि नुकसानाचा आकडा सांगताना डीएमने त्या कार्डाकडे बघायचं, एवढं ठरवून घ्या.