जावई आयरिश कसा?

प्रश्न : काका, माझी लेक बॉस्टनला असते. जावई जन्मानं अमेरिकन, पण कुणी विचारलं की ‘आम्ही आयरिश’ म्हणतो. आयर्लंड पाहिलेलं नाही, तिथली भाषा येत नाही. आईच्या आईची आई, नाव ब्रिजेट, १९०५ च्या आसपास मेयो काउंटीतून आली, एवढंच ठाऊक. मी हसले तर लेक रागावली. आता बाळ होणार म्हणून दोघं त्या पणजीचं गाव शोधताहेत. सापडेल का? की नुसतं खूळ?
– एक सासूबाई, राजारामपुरी
ता. क. १७ मार्चला, त्यांच्या सेंट पॅट्रिकच्या सणाला, दोघं इथंच आहेत. जेवायला काय करू?

उत्तर : वहिनी, हसलात ते चुकलंच. राजारामपुरीत तुमच्या तीन पिढ्या गेल्या असतील, तरी ‘मूळचे कुठले?’ म्हटलं की तुम्ही कागल नाहीतर गडहिंग्लजच सांगणार. जावई तेच करतोय. तिकडं ३ कोटींहून जास्त माणसं स्वतःला आयरिश वंशाची म्हणवतात. अख्ख्या आयर्लंड बेटावर माणसं आहेत ७० लाखांच्या आसपास!

१८४५ मध्ये तिथल्या बटाट्यावर करपा पडला. गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर. पुढच्या सात वर्षांत सुमारे १० लाख माणसं दगावली, साधारण तेवढीच परदेशी गेली. मेयो सगळ्यांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी. दुष्काळ सरला, पण वाट पडली ती पडलीच. एक बहीण बॉस्टनला धुण्याभांड्याला लागायची आणि पगारातून धाकटीचं तिकीट पाठवायची.

आता गाव. लहानपणी आमच्या दारात हेळवी यायचा. बैल बाहेर बांधून सोप्यात वही उघडायचा आणि खापरपणजोबापासून एकेक नाव म्हणायचा. पायलीभर जोंधळे घेतल्याशिवाय हलायचा नाही. जावयाकडं हेळवी नाही, आणि दप्तराचंही वाटोळं झालेलं. डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आवारातला दप्तरखाना १९२२ च्या यादवीत स्फोट होऊन जळाला. १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या जवळजवळ सगळ्या गेल्या. नंतरच्या चार गणत्या सरकारनंच नष्ट केलेल्या. (मी कुणाला नावं ठेवू? २०१९ च्या पुरात आजोबांची मोडी कागदांची पेटी मी माळ्यावर टाकायची विसरलो. पानांची ढेप झाली.)

तुमचं नशीब बरं. १९०१ ची गणती शाबूत आहे आणि तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानं ती फुकट ऑनलाइन ठेवलीय. पणजी तेव्हा घरीच असणार. घरातली माणसं, वयं, कुणाला वाचता येतं, कोण आयरिश बोलतं, सगळं त्यात आहे. पण नुसतं ‘ब्रिजेट, मेयो’ घालून शोधाल तर शेकड्यांनी निघतील. तिथं गावाच्याही खाली ‘टाउनलँड’ असते, आपल्या वाडीसारखी. बेटावर अशा ६० हजारांवर. त्या वाडीचं नाव बहुधा अमेरिकेतल्या कागदातच मिळेल. पणजीच्या लग्नाची चर्चमधली नोंद, थडग्यावरचा मजकूर, जहाजाची यादी बघायला सांगा. त्या यादीत शेवटचा मुक्काम आणि ‘कुणाकडं चालली’ हेही लिहीत. आणि एक, ब्रिजेटला तिकडं पुष्कळदा डिलिया म्हणत. कागदोपत्रीही तेच सापडेल. त्याआधी जावयाच्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशीला फोन. कागद थांबतात, मावश्या थांबत नाहीत.

पासपोर्टची आशा मात्र लावू नका. आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंडात जन्मलं असेल तर नाव नोंदवून नागरिकत्व घेता येतं. जावयाच्या बाबतीत तिथं जन्मली ती पणजी. जावयाच्या आईनं त्याच्या जन्माआधी स्वतःची नोंद केली असती, तरच जमलं असतं.

राहिलं जेवण. जावई ‘कॉर्न्ड बीफ आणि कोबी’ म्हणेल. कॉर्न्ड बीफ म्हणजे खारवलेलं गोमांस. आयरिश माणसांना अमेरिकेत गेल्यावर जडलेला हा प्रकार. मायदेशी कोबीबरोबर डुकराचं खारवलेलं मांस असायचं. मुंबईच्या हॉटेलातलं ‘व्हेज कोल्हापुरी’ आपल्या कुठल्या आजीनं केलं होतं? तुम्ही कोलकॅनन करा : बटाटे उकडून कुस्करायचे, त्यात शिजवलेला कोबी, दूध, मीठ आणि हात सैल सोडून लोणी. शेजारी पांढरा रस्सा चालेल. तांबडा विचारून वाढा.