तर्कदोष नेमका कुठे असतो?

प्रश्न : गर्भपाताच्या वादात दोन्ही बाजू एकमेकींचे तर्क सदोष ठरवतात. खरा दोष कसा ओळखावा?

उत्तर : जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे, हा या वादातील सर्वांत मोठा दोष आहे. ‘गर्भपात म्हणजे निरपराध व्यक्तीची हत्या, म्हणून तो गैर’ या विधानात गर्भाला व्यक्तीचा नैतिक दर्जा आहे हे आधीच मान्य केलेले असते. ‘शरीर स्त्रीचे, म्हणून प्रश्नच उरत नाही’ असे म्हणणाराही गर्भाला तो दर्जा नाही हे न सांगताच धरून चालतो. तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मध्ये हा सापळा टाळला : गर्भ व्यक्ती आहे असे वादापुरते मानूनही दुसऱ्याचे शरीर वापरण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सर्वांना पटलेला नाही, पण निदान वाद कुठे आहे हे त्यामुळे दिसते.

गर्भाच्या वाढीत ठळक सीमारेषा नाही, म्हणून सुरुवात आणि शेवट यांत फरकच नाही, हा निष्कर्षही चुकीचा आहे. ‘पुरुषांनी बोलूच नये’ हा तर युक्तिवाद नव्हे. तो बोलणाऱ्यावरचा आक्षेप आहे. मात्र एखादा तर्क सदोष ठरला म्हणून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही.