आजोबांच्या दुनळीबद्दल

बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा मी आवाज चढवला आणि तू चहा अर्धा टाकून निघालीस. आवाज चढवल्याचं वाईट वाटतं, बोललो त्याचं नाही. आजोबांच्या वर्षश्राद्धाला रेंजवर जाऊन त्यांच्या दुनळी बंदुकीतून एक बार काढावा, असं तुला वाटतं. तुझा भाऊ म्हणतो, बफ मारून चकचकीत करू आणि दिवाणखान्यात लावू. मला दोघांनाही एकच सांगायचंय: जे परत फिरवता येत नाही, ते आत्ता करू नका.

आजोबांच्या दुनळीसारखी माझ्या वडिलांची दुनळीही इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचीच, बाहेर घोडे (बार उडवणारे खटके) असलेली, दमास्कस नळ्यांची. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती वेटोळत, तापवून ठोकून सांधलेल्या त्या नळ्या. पाण्यावर तरंग उठावेत तसा त्यांच्यावर पोत. वडील गेल्यावर, १९८९ साली, मी ती इथल्याच एका कारागिराकडे दिली. चार दिवसांत आरशासारखी होऊन आली. मी खूश. महिन्याभराने एका जाणत्या माणसाने भिंग लावून नळ्यांचा तळ पाहिला आणि काही न बोलता बंदूक माझ्या हातात परत दिली. नळ्या दाब सोसतात का, याच्या चाचणीनंतर ठोकलेल्या खुणा घासून गेल्या होत्या. पोत रसायन लावून पुन्हा उठवता येतो. उडालेला धातू परत येत नाही, खुणाही नाहीत. ती बिनधुराच्या दारूसाठी, म्हणजे आजच्या काडतुसांत असते त्या दारूसाठी, तपासलेली होती का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. चालवायची की जपायची, हा तुझा प्रश्न मला पडूच शकत नाही. मीच तो पुसून टाकला.

म्हणून तुझे फोटो मी तासभर बघत बसलो. मुकुट आणि खाली बीपी (चाचणीची खूण), मुकुट आणि खाली बीव्ही (पाहणीची खूण): १९०४ पासूनच्या बर्मिंगहॅमच्या खुणा. बिनधुराच्या दारूची चाचणी झाली असती तर मुकुटाखाली एनपी असतं. मला दिसलं नाही, पण फोटोचा एक कोपरा अंधारात आहे. एनपी नसेल तर आजचं काडतूस घालायचं नाही, विषय संपला. असलं तरी काडतुसाचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून घे. जुन्या बारा बोअरची घरं बरेचदा ६५ मिलिमीटरची, आजची काडतुसं ७० ची. लांब काडतूस आत व्यवस्थित बसतं, फसगत तिथेच होते. बार उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. नळीची जाडी किती उरलीय, तेही जाणत्याने मोजायला हवं. एवढं सगळं नीट निघालं तर खुशाल बार काढ, मी स्वतः येईन. पण आधी नाही!

भावाला म्हणावं, भिंतीचं खूळ सोड. आजोबांचा परवाना त्यांच्या नावाचा होता. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे तुझ्या नावावर परवाना होईपर्यंत ती विक्रेत्याकडे जमा आहे, तिथेच राहू दे. घरी आली तरी कुलपातच. कातडी खोळीत मात्र नको. कातडं ओल धरतं, आपल्याकडच्या एका पावसाळ्यात नळीवर गंज येईल. नळी खाली करून ठेव, नाहीतर तेल उतरून दस्त्याचं लाकूड काळं आणि मऊ पडतं. तेलाचा पातळ हात पुरे. तेल पुसता येतं, बफ पुसता येत नाही. कळतंय ना?

केळकर संग्रहालयात अडकित्ते बघितलेस ना? वापरून झिजलेले तसेच ठेवलेत. आजोबांच्या अंगठ्याने घोड्यावरची नक्षी अर्धी गुळगुळीत झालीय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांनी शिकार सोडली, म्हणजे ती झीज त्याआधीची. तिला कुणी हात लावायचा नाही.

घरचे मला हेकट म्हणतात. म्हणोत. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, आणि वडिलांची वस्तू गंजकी ठेवणं मला त्यांचा अपमान वाटला. केलं ते मायेनेच. पण मायेने घासलं म्हणून धातू कमी जात नाही, हे मला कुणीतरी दरडावून सांगायला हवं होतं. तुला मी सांगतोय, राग आला तरी.

विक्रेत्याला नळ्यांच्या तळाचा नवा फोटो काढायला सांग, उजेड बाजूने तिरपा पाडून. शनिवारी घेऊन ये. भिंग माझ्याकडे आहे, आणि वर्षश्राद्धाला अजून चार महिने आहेत.

तुझा,
काका