कोल्हापुरात राहून जॅझ सॅक्सोफोनिस्ट होता येईल का? बँडमधला जुना आल्टो सॅक्सोफोन घ्यावा का?

प्रश्न असा आहे: मुलगा १७ वर्षांचा, बासरी थोडीफार येते, जॅझचं वेड लागलंय. पेठेतल्या एका बँडकडून जुना आल्टो स्वस्तात मिळतोय. त्यावर खालचे स्वर निघत नाहीत, तर बँडमास्तर म्हणाले, "पोराच्या छातीत दम नाही, सहा महिने फुंकू दे, निघतील." घ्यावा का, आणि यात करिअर होईल का?

त्या 'दम नाही'साठी लिहायला बसलोय. हा वाद मी इथल्या जुन्या वाजवणाऱ्यांशी कायम घालत आलोय आणि अजून कुणी ऐकलेलं नाही. पोराची छाती ठीक आहे. सॅक्सोफोन गळतोय.

करिअरचं आधी उरकतो. नुसतं जॅझ वाजवून कोल्हापुरात घर चालणार नाही. मुंबई-पुण्यातही ते फार थोड्यांना जमतं. रिसेप्शन, हॉटेलं, गोव्याचा हिवाळी हंगाम, शिकवण्या, थोडं रेकॉर्डिंग असं जोडून चालतं. गोवा जवळ, हा आपला फायदा. क्रूझचं काम बरं असतं, पण तिथं समोर कागद ठेवतात आणि लगेच वाजवायला लावतात. नोटेशन वाचता येत नसेल तर तिथंच विषय संपला. मोठ्यांचंही सरळ गेलेलं नाही. जॉन कोल्ट्रेन आधी नौदलाच्या बँडमध्ये होता, मग ऱ्हिदम अँड ब्लूजच्या बँडमध्ये पोटापाण्यासाठी वाजवत होता. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसनं त्याला १९५५ला आपल्या बँडमध्ये घेतलं, १९५७ला व्यसनापायी काढून टाकलं. सॉनी रोलिन्स नाव झाल्यावर १९५९ ते १९६१ स्टेजवरून गायब होता, न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करायचा. चार्ली पार्कर १९५५ला ३४व्या वर्षी गेला. मुलाला हेही सांगा.

आता सॅक्सोफोन. पैसे द्यायच्या आधी एवढं करा.

नेक, म्हणजे माउथपीस जिच्यावर बसतं ती वरची वाकडी नळी, काढून बाजूनं डोळ्यासमोर धरा. माउथपीस जोरात ढकलून ढकलून नेक खाली वाकलेला असतो. वाकला असेल तर तिथली नळी गोल न राहता चपटी लागते, बोट फिरवलं की कळतं. मग बॉडीवरचे लांब रॉड चिमटीत धरून हलवा. खडखडले तर झीज झालीय, आणि ती नुसते पॅड (भोकांवरच्या झाकणांखालच्या गाद्या) बदलून भरून निघत नाही.

मग अंधाऱ्या खोलीत एलईडीची पातळ पट्टी बॉडीत सोडा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, वरून आवरण असलेली घ्या, उघडे टाके पितळेला लागू देऊ नका. एकेक झाकण अगदी हलक्या बोटानं बंद करा. कडेनं उजेड दिसला की तिथं गळती. जोर लावून दाबलंत तर गळका पॅडही बंद दिसतो, आणि बँडमध्ये नेमकं हेच होतं: वर्षानुवर्षं आवळून वाजवायची सवय, त्यामुळे मास्तरांच्या हातात तो सॅक्सोफोन वाजतो आणि तुमच्या पोराच्या हातात वाजत नाही. शंका असेल तिथं सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली ठेवा, झाकण टेकवा, पट्टी ओढा. चारी बाजूंनी सारखी अडकली पाहिजे.

वरची गळती खालच्या सगळ्या स्वरांना भोवते, म्हणून लो बी फ्लॅट, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, फुटला की लोक बेलवरचं (भोंग्यावरचं) मोठं झाकण तपासत बसतात आणि दोष भलतीकडेच असतो. सगळ्यात जास्त वेळा तो जी शार्पवर असतो. खालचे सी शार्प, बी, बी फ्लॅट वाजवायला डाव्या करंगळीनं कळ दाबली की जोडणीमुळे जी शार्पची कळही दाबली जाते आणि तिचं झाकण उघडायला बघतं. त्याला धरून ठेवतो तो उजव्या हाताच्या कळांकडून आलेला एक छोटा हात. त्यावर बारीक स्क्रू असतो, स्क्रूखाली कॉर्क किंवा फेल्टचा तुकडा. तो तुकडा झिजला की झाकण केसभर उचलतं आणि स्वराऐवजी गुरगुर येते. तपासायला लो डी धरून वाजवत राहा आणि मध्येच जी शार्पची कळ दाबा. स्वर हलता कामा नये. हलला तर तो स्क्रू पाव फेरी आवळून परत बघा. जास्त आवळलात तर एफ शार्पचं झाकण पूर्ण बसत नाही आणि एफपासून खालचं सगळंच जातं. दोन मिनिटांचं काम, आणि त्यासाठी पोरानं सहा महिने फुंकायचं!

आल्टोला साधारण दोन डझन पॅड असतात: आत पुठ्ठा, त्यावर फेल्ट, वर पातळ चामडं. चामडं कडक झालेलं, फाटलेलं असेल तर सगळे बदलावे लागतात, तो खर्च धरून भाव करा. पॅड लाखेनं किंवा गरम करून वितळणाऱ्या ग्लूनं बसवायचे, कारण झाकण परत तापवून पॅड हलवून नेमका टेकवता यायला हवा. आपल्याकडे सर्रास फेविकॉल किंवा एमसीलनं चिकटवलेले सापडतात. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी रबरबँड असेल तर चालवून घेता येईल, एमसील दिसलं तर मात्र सोडून द्या.

घेतलाच, तर माउथपीस बँडचं ठेवू नका. मिरवणुकीत ढोल-ताशा आणि डॉल्बीसमोर ऐकू जायचं असतं, म्हणून तोंड रुंद असलेलं धातूचं माउथपीस, जाड रीड (माउथपीसवरची वेताची पट्टी), आणि ते सांभाळायला ओठ आवळून चावणं. नवख्यानं यामाहा ४सी किंवा तशाच मध्यम तोंडाचं घ्यावं, रीड २ किंवा अडीच. नेक न लावता नुसतं माउथपीस फुंकून ट्यूनरवर बघा: आल्टोचं साधारण ए, म्हणजे पांढरी सहा, यावं. बी किंवा सीपर्यंत चढत असेल तर पोरगं चावतंय. मग वरचे स्वर चढे आणि खालचे फुटके, आणि पुन्हा कुणीतरी दमाचं नाव घेणार.

रियाजात रोज लांब स्वर, हळू आवाजात, खालून सुरुवात. मग लो बी फ्लॅटची बोटं न हलवता घशानं वरचे स्वर काढायचे: वरचा बी फ्लॅट, मग एफ, त्यावरचा बी फ्लॅट. ब्लूज हा जॅझमधला ठरलेला साचा; त्याच्या १२ मात्रा नव्हे, १२ बार (एक बार म्हणजे चार मात्रा), हे डोक्यात पक्कं करा. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. पियानोवाला एफमध्ये ब्लूज म्हणाला की आल्टोवर डी, टेनरवर (आल्टोहून मोठा सॅक्सोफोन) जी. आल्टोचा सी म्हणजे काळी दोन, टेनरचा काळी पाच, हे कळलं की हार्मोनियमवाल्याबरोबरही अडत नाही.

एक मत रोखठोक: यमन वाजवून मागे ड्रमसेट लावला की जॅझ होत नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या आणि देवल क्लबच्या गावात कान तयार असतो हे खरं, पण तो कान एका षड्जाला बांधलेला असतो. जॅझमध्ये कॉर्ड (मागे एकत्र वाजणारे स्वर) बदलली की कालचा न्यास आज खटकतो. त्यामुळे एकेक सोलो ऐकून, आधी गाऊन, वेग निम्म्यावर आणून उतरवायचा. कद्री गोपालनाथांनी कळांमध्ये फेरफार करून कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर आणलं, ते थोरच. पण ती वाट वेगळी.

"पार्करनं १९५३ला टोरंटोत प्लास्टिकच्या सॅक्सोफोनवर वाजवलं, मग वाद्याचं काय एवढं?" असंही मला ऐकवतात. बॉडी प्लास्टिकची असली म्हणजे पॅड गळके होते असं नव्हे.

बँडवाल्यांना मी कमी लेखतोय असं समजू नका. न्यू ऑर्लिन्सचं जॅझ ब्रास बँडच्या मांडीवरच वाढलं, आणि हिंदी सिनेसंगीतातले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंगही कोलकात्यातल्या ब्रास बँडमधूनच आले. बँडमध्ये वर्षभर वाजवलं तर मुलाला ताल आणि गर्दीची सवय होईल. जाऊ दे त्याला, स्वतःचं माउथपीस घेऊन, आणि कानात इअरप्लग घालून.

तीन गोष्टी राहिल्या. चहा पिऊन चूळ न भरता फुंकू देऊ नका. साखर पॅडवर जाते आणि जी शार्प चिकटतो. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये वाजवून झालं की आतून कापड ओढायचं आणि ते ओलं कापड पेटीत ठेवायचं नाही, नाहीतर रीडवर बुरशी येते. आणि मुलाच्या दाताला तारा असतील तर माउथपीसच्या वर रबराची चकती लावा आणि डेंटिस्टला विचारून मगच सुरू करा.