तारण झाल्यावर, म्हणजे येशूवर विश्वास ठेवून पापातून सुटल्यावर, सगळं आयुष्य नवं होतं म्हणतात, मग माझ्यात काहीच का बदललेलं नाही?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्यात, येशूला स्वीकारतो म्हणून हात वर केला, बाप्तिस्मा घेतला, रोज सकाळी बायबल वाचता, शुक्रवारी उपास धरता, सेल ग्रुपला (घरोघरी भरणाऱ्या छोट्या प्रार्थना गटाला) जाता, आणि तरी घरी आलात की तीच चिडचिड, ऑफिसात तेच खोटं बोलणं, आणि ग्रुपमधले म्हणतात अजून जास्त प्रार्थना करा. ते शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी इथं नुसती वाचत असते.

तुमची प्रार्थना कमी पडत नाहीये. तुमचा विश्वास डोक्यात आणि गळ्यात आहे, म्हणजे वचनं पाठ आहेत आणि गाणी सुरात म्हणता येतात, पण खिसा, जीभ, झोप, घरातली कामं इथपर्यंत तो आलेला नाही आणि तिथं आणायचा असतो हे तुम्हाला कोणी सांगितलेलंही नाही. रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय आपल्याकडं सगळ्यांना तोंडपाठ, 'मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या', दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बॅनरवर असतं. पण त्याच्या आदल्याच वचनात पौल म्हणतो शरीरं अर्पण करा, आणि तोच अध्याय पुढं वाचत गेलं की गरजूंना मदत करा, पाहुणचार करा, वैऱ्याला भूक लागली तर जेवायला घाला असलं सगळं रोजच्या घरातलं येतं. ते बॅनरवर येत नाही.

आता माझ्या दादाचं सांगते, म्हणजे कळेल मी एवढी का तापलेय.

आम्ही नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय), पिढ्यान्‌पिढ्या मिशनच्या मंडळीतले, रविवारी उपासनेला पांढरी साडी आणि भेटलं की सलाम. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. दादा तरुणपणी प्यायचा, चांगलाच प्यायचा, वहिनीच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या एकदा. मग एका कन्व्हेन्शनमध्ये त्याला देवाचा स्पर्श झाला आणि त्या रात्रीपासून बाटली बंद. हे खरं आहे, मी स्वतः बघितलंय, त्यात काही खोटं नाही. तेव्हापासून तो साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगतो. दरवर्षी साक्ष जरा लांबते, बाटल्या जरा वाढतात, पण असू दे.

बाबा गेले. बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून विहिरीवरची थोडी जमीन घेतली होती, कांदा छान येतो तिथं. मृत्युपत्र वगैरे काही केलं नव्हतं. महिना-दीड महिन्यानं दादाचा फोन, तालुक्याला या दोघी, वारसाच्या कागदावर सह्या करायच्यात. मी रजा टाकून गेले, धाकटी बहीणही आली. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर बाकडं आहे, तिथं दादानं आम्हाला बसवलं, बॅगेतनं बायबल काढलं आणि हात धरायला लावून प्रार्थना केली, मोठ्यानं, आजूबाजूला खरेदीखताला आलेली माणसं बघत होती. 'प्रभू, या कुटुंबात एकी ठेव, सैतानाला यात जागा देऊ नको.' आईच्या डोळ्यात पाणी. आणि आमेन म्हणून डोळे उघडले तर दस्तलेखक समोर कागद घेऊन उभा. वाचला तर हक्कसोडपत्र. विनामोबदला, राजीखुशीनं, स्वतःचा हिस्सा भावाच्या नावे सोडत आहोत.

मी म्हणलं, हा वारसाचा कागद नाहीये.

दस्तलेखक म्हणाला ताई सगळ्याच बहिणी करतात. दादा म्हणाला, आपल्यात बहिणी मागत नसतात. मी विचारलं आपल्यात म्हणजे कोणात? कारण जमिनीचं बोलायचं झालं तर आपल्या लोकांना इंडियन सक्सेशन ॲक्ट लागू होतो, १९२५ चा, त्यात मृत्युपत्र नसेल तर बायकोला एक तृतीयांश आणि राहिलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही. आमच्या घरात आईला एक तृतीयांश आणि आम्हा तिघांना दोन नवमांश प्रत्येकी, इतकं साधं गणित. देशभरातल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळायला २००५ उजाडलं, आपल्याला हा कायदा आधीपासून आहे आणि आपणच तो प्रार्थना करून बाकड्यावर बसून सोडतो. मी सही केली नाही. धाकटीनं केली, तिच्या नवऱ्याला वाद नको होता.

त्यानंतरचं ऐका. दादाच्या प्रार्थना गटात माझ्यासाठी उपास-प्रार्थना झाली. माझ्यात लोभाचा आत्मा आहे म्हणे. मी तेव्हा हॉस्पिटलात नाईट ड्युट्या करून पोरांच्या फिया भरत होते. मग पाळकसाहेब घरी आले, चांगला माणूस, आमच्या लग्नातही होते, चहा घेतला आणि म्हणाले, ताई, ऐहिक गोष्टींत जीव अडकवू नका. मी म्हणलं साहेब, दादाला हे सांगितलं का? जमीन त्याच्याकडं गेली की ती आत्मिक आणि माझ्याकडं राहिली की ऐहिक, असं कुठल्या अध्यायात आहे? मग मी त्यांना बायबलातल्या जक्कय जकातदाराचं विचारलं. संडे स्कूलच्या पोरालाही येते ती गोष्ट, बुटका होता, झाडावर चढला, पण तिथंच थांबतात सगळे. पुढं जक्कय उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं लबाडीनं घेतलं असेल तर चौपट परत करतो. आणि त्यानंतर, हिशेब बोलून झाल्यानंतर, येशू म्हणतो आज या घराला तारण प्राप्त झालं. त्यानं गाणं म्हणलं म्हणून नाही, रडला म्हणून नाही. पाळकसाहेबांनी दुसरा कप चहा घेतला आणि पावसाचं बोलायला लागले.

दादाचं एक आवडतं बोलणं आहे, केडगावसारखी जागृती यायला पाहिजे. म्हणजे पंडिता रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावात निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमधली १९०५ ची जागृती, पोरी रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या, रडून पापं कबूल करत होत्या, बोलायला लागला की स्वतःच रडतो. मला ते आवडतंच, केडगावला मीही गेलेय. पण त्याची पंडिता रमाबाई तिथंच संपते, माझी तिथं संपत नाही, आणि आमचं खरं भांडण ते आहे, जमीन नंतर.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडमधला. आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की आठेक वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी शास्त्र जाणणारी बाई, तिला आठ वर्षं लागली, तुम्ही दोन वर्षांत का घाबरताय? हे तुमच्यासाठी सांगतेय. आता दादासाठी. ख्रिस्त सापडल्यावर बाईंनी काय केलं? मध्य प्रांतात दुष्काळ पडला, १८९६-९७ चा, तिकडं स्वतः गेल्या आणि टाकून दिलेल्या, उपाशी पोरी, बायका घेऊन आल्या, केडगावच्या माळावर वसवल्या. आधी त्यांना खायला घातलं, औषधपाणी केलं, उवा काढल्या असतील, ते काम मी नर्स म्हणून कल्पना करू शकते. मग अक्षरओळख, विणकाम, शेती, छापखाना. आंधळ्या बायकांना ब्रेल शिकवलं. जागृतीत गुडघ्यावर रडणाऱ्या पोरी तिथल्याच, आणि जागृती झाली म्हणून तिथला छापखाना काही बंद पडला नाही. बाई हिब्रू, ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत केलं, ते छापलं केडगावच्याच बायकांनी. ज्या बाईला घरच्यांनी ओझं म्हणून सोडलं तिच्या हाताला धंदा आणि तोंडाला वाचन आलं, मला विचाराल तर बायबल म्हणतं ती नवी उत्पत्ती ही आहे. बायकांच्या नावावर काही राहू नये म्हणून बाकड्यावर प्रार्थना करणाऱ्यानं केडगावचं नाव घेऊ नये. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही.

बरं, तुमचं राहिलंच.

तुम्ही उपासाचं लिहिलंय आणि उपासाच्या दिवशीच जास्त चिडचिड होते म्हणालात. अहो होणारच, रिकाम्या पोटी रक्तातली साखर खाली जाते, त्यात सैतान शोधू नका. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय एकदा उपासाच्या दिवशीच वाचा, तिथं देव सरळ म्हणतो की तुम्ही उपास धरता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता, भांडता, मला असला उपास नको, भुकेल्याला भाकर द्या, जोखड मोडा. तुमच्या घरी शुक्रवारी स्वयंपाक कोण करतं? आई का बायको? ती उपासाच्या दिवशी तुमच्यासाठी साबुदाणा भिजवत असेल तर तुमचा उपास तिच्या डोक्यावर आहे. (साबुदाणा खाऊन ख्रिस्ती उपास कसा होतो हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण आमच्याकडंही करतात.)

झोपेचंही तेच. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला, मला मरण दे म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, उठ आणि खा म्हणाला, तो खाऊन परत झोपला, परत उठवून खायला घातलं, देवाचा मंद आवाज त्यानंतर डोंगरावर. मी वॉर्डात आयुष्य काढलंय, निम्मी 'आत्मिक कोरडेपणा'वाली माणसं मला झोप न झालेली, हिमोग्लोबिन कमी असलेली दिसतात. पहाटे चारला उठून प्रार्थना करता आणि रात्री बारापर्यंत मोबाईल बघता, तर देव काय करणार. एकदा रक्त तपासून घ्या, थायरॉईडसुद्धा.

ऑफिसातल्या खोट्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, तुम्ही काय काम करता लिहिलेलं नाही. पण एक खोटं निवडा, ज्यानं दुसऱ्या कोणाचं पैशानं नुकसान झालंय असं, आणि ते भरून द्या. सॉरी म्हणून नाही, पैसे देऊन. ते केल्यावर जे वाटतं ते सेल ग्रुपमध्ये वाटत नाही, करून बघा. आणि साक्ष देऊ नका त्याची.

आता काही गोष्टी मी अशा लिहिल्यात की प्रार्थनेचा काही उपयोगच नाही असं वाटेल, तसं मला म्हणायचं नाहीये. मी रोज करते, टिळकांचे अभंग म्हणते, नारायण वामन टिळकांचे, आईनं शिकवलेल्या चालीत. प्रार्थना सोडून नुसतं समाजकार्य करणारेही बघितलेत, तेही लवकर कडू होतात. आणि दादाबद्दलही, आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं त्याच्या घरी झालं. केलं वहिनीनं, पण त्यानं रात्री उठून आईला कूस बदलून द्यायला माझ्याकडनं शिकून घेतलं होतं आणि आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही, नर्सच्या नजरेनं मी तपासायचे प्रत्येक वेळी. पूर्वीचा दादा हे करणारा नव्हता. म्हणजे काहीतरी उतरलंय खाली. सातबाऱ्यापर्यंत यायला वेळ लागतोय एवढंच.

आणि हो, तुमच्या ग्रुपमध्ये कोणाचं तारण खरं आणि कोणाचं खोटं हे तपासायला माझं उत्तर वापरू नका, मी फक्त माझ्या भावाला बोलतेय, मला तो हक्क आहे. पुन्हा बाप्तिस्मा घेऊ का हे जे तुम्ही खाली विचारलंय, त्याला माझं उत्तर नाही, घेऊ नका, एक पुरतो. पण हे तुमच्या पाळकांना विचारा, माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, चहा मात्र एकच द्या.

माझं नाव सातबाऱ्यावर आहे. जमीन दादाच कसतो, मला तिथं जाऊन कांदा लावायचा नाहीये. यंदा पहिल्यांदा त्यानं माझ्या हिश्श्याचा हिशेब व्हॉट्सॲपवर पाठवला, वर प्रेज द लॉर्ड आणि एक कबुतर. खताचा खर्च दोनदा धरलाय, तो मी त्याला कळवलाय. आणि धाकटीचा हिस्सा कुठाय ते पण विचारलंय.